तुमी सतरावे

पँट अजून दोरीवर आहे. दोनदा धुतली, पण डाव्या पायावर गुडघ्यापर्यंत आणि उजव्यावर त्याहून चार बोटं वर उठलेला लाल चिखल काही गेला नाही. बायको म्हणते, घाटावरच्या दगडावर आपटली तर निघेल. आपटायचंच म्हटलं तर माझ्या मनात पँटीच्या आधी दुसरी काही नावं आहेत.

डॉक्टरांनी साखर बघितली आणि चालायला सांगितलं. करदंट ही गोकाकची मिठाई डिंकाची असते, बाळंतिणीला देतात, म्हणजे औषधच, हा माझा युक्तिवाद त्यांनी ऐकूनसुद्धा घेतला नाही. पोरानं मोबाइलमध्ये रोजची दहा हजार पावलं लावून दिली. हा दहा हजारांचा आकडा वैद्यकातून आलाय असं मी समजत होतो. तो आला एका जपानी यंत्राच्या नावातून. १९६५ साली तिथं पावलं मोजायचं 'मान्पो-केई' विकायला आलं, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. कुणाचा तरी माल खपावा म्हणून ठेवलेलं नाव, आणि त्याच्यापायी मी घटप्रभेकाठी चिखल अंगावर घेतोय.

आमचं गाव सीमाभागातलं. घरात मराठी, बाजारात कन्नड, भांडणात दोन्ही. तिथं कॅनॉलपासून नदीपर्यंत पेव्हर घातलेली नवी वाट झालीय. कॅनॉलचं पाणी हिडकल धरणातलं, म्हणजे घटप्रभेचंच. नदीतून काढलेलं पाणी नदीच्या शेजारनं जातं, आणि वाटणीनंतर बोलेनासे झालेले दोन भाऊ पुन्हा भेटावेत तशी ही वाट त्या दोघांना जोडते. बेळगावचं नाव २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत लागलं, तेव्हापासून आजूबाजूच्या प्रत्येक गावाला पेव्हरची तहान लागलीय. उद्घाटनाला नारळ फुटला. पाटी एवढी मोठी लावली की नदी तिच्या मागं गेली.

रविवारी सकाळी, रात्रीच्या पावसानंतर, मी निघालो. पिंपळाच्या पुढच्या वळणावर डावा पाय टाकला आणि खालून 'पच्च' झालं. पेव्हर वाळूवर बसवलेले असतात. वाळू वाहून गेली की खाली पोकळी होते, तिच्यात पाणी साठतं. तुम्ही एका टोकावर पाय दिला की दुसरं टोक उठतं आणि पिचकारी थेट पँटीत.

"सतरा," बाकावरनं आवाज आला.

मफलर गुंडाळलेले एक अण्णा. मांडीवर शाळेची वही, हातात पेन्सिल.

"काय सतरा?"

"तुमी. आज सतरावे. डावा का उजवा?"

"काय?"

"पाय ओ."

"डावा," मी म्हणालो. आपण उत्तर का दिलं याची लाज मला नंतर वाटली.

"गुडघ्याच्या वर का खाली?"

मी वाकून बघितलं. खरंच वाकून बघितलं. "गुडघ्यापर्यंत."

"मग 'वर'मधी धरतो."

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं तर हाक नाही का मारायची?"

"हाक मारली असती तर तुमी उडी मारून गेला असतासा. मग मी लिवू काय? हापिसात गेलतो. म्हणाले, एकट्याच्या तक्रारीवर काय होत नाय, किती लोकांना तरास होतोय त्याचे आकडे आणा. गोळा करूलालोय."

"निदान खडूनं खूण?"

"केलती. पावसानं गेली. मग वीट ठेवली, ती कुणीतरी चुलीला नेली. दगड ठेवला, त्याला अडखळून एक मास्तर पडले. पडलेला माणूस या वहीत बसत नाय, वेगळा रकाना आखावा लागतोय."

"अर्ज दिला नाही?"

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "मराठीत दिला. तिथला पोरगा म्हणाला, 'कन्नडदल्ली बरेदु कोडि.' आडनाव बगा, आपल्यातलंच! दोन दिवस घालवून कन्नडात लिवून नेला. तर ह्याची शाळा सगळी इंग्रजीत झालेली, वाचता वाचता घाम फुटला त्याला. शेवटी मीच वाचून दाखवला. मराठीत."

हे ऐकून मी हसलो, पण ते हसले नाहीत. आणि मग मलाही हसू पुरलं नाही. जन्माच्या दाखल्यापासून घरपट्टीपर्यंत अशा किती कागदांसाठी आम्ही दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत उभे राहिलोय. पूर्वी इथं मातीची पायवाट होती. चिखल असायचा, पण तो चिखलासारखा दिसायचा. माणूस धोतर वर धरून जायचा. आता वरून चकचकीत, आणि खाली काय आहे ते पाय दिल्यावर कळतं.

"आणि किती दिवस मोजणार?"

"१९६६ साली सीमावादासाठी महाजन कमिशन नेमलं, त्यात माणसं किती? एक. एका माणसानं सगळा सीमाभाग मोजला. मी एक पेव्हर मोजू नको?"

"पण तो अहवाल महाराष्ट्रानं मानलाच नाही."

"म्हणून तर सावकाश करूलालोय. आणि सुप्रीम कोर्टातला आपला दावा २००४ सालचा हाय. हा पेव्हर यंदाच्या मिरगात हलला. घाई कसली?"

सतराव्या ओळीवर त्यांनी माझी सही घेतली. मी नदीपर्यंत गेलो, नदी बघितली, पाटीची मागची बाजू बघितली आणि परत फिरलो. वळणावर यायच्या आधी अगदी ठरवलं होतं की तो पेव्हर ओलांडायचा. पण समोरून चार म्हशी आल्या. पहिलीनं पेव्हर बघितला, थांबली, आणि त्याला वळसा घालून सरळ माझ्या अंगावर आली. मागच्या तिघींनीही तसंच केलं. मी बाजूला झालो. बाजूला जागा एकच होती.

"अठरा," अण्णा म्हणाले. "उजवा."

"अहो, मीच आहे! एकाच माणसाला दोनदा कसं मोजता?"

"माणूस तोच," ते लिहिता लिहिता म्हणाले, "तरास येगळा. करा सही."