संग्रहालय उघडल्याचा आनंद कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि उत्तर आज लिहितोय. मधली रात्र राग निवायला लागली, हे कबूल करतो. नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलेल्या इतिहास संग्रहालयांवरचा माझा लेख म्हणजे तुमच्या मते ‘उद्घाटनाच्या रोषणाईला भुललेल्या माणसाचं लिखाण’. वर्षानुवर्षं दार बंद, पैशांचा चुराडा, आणि उघडल्यावर बघायला काय मिळतं, तर अंधारी दालनं आणि अर्ध्याअधिक वस्तू गायब! ‘जुनं होतं तेच बरं होतं,’ हा तुमचा शेवटचा टोला.

अंधारापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात एक अवाढव्य झेंडा आहे. १८१४ साली मॅकहेन्री किल्ल्यावर फडकलेला, ज्याच्यावरून अमेरिकेचं राष्ट्रगीत सुचलं तो. मूळची लांबी ४२ फूट, आज उरलीय ३४. बाकीचा कुठे गेला? एकोणिसाव्या शतकात त्याचे तुकडे कापून आठवण म्हणून लोकांना वाटले गेले! संग्रहालयाची आजची इमारत १९६४ मध्ये उघडली तेव्हापासून तो मधल्या दालनात उभा टांगलेला असे, आणि बघणाऱ्याला डोळे भरून दिसे. म्हणजे अगदी तुम्हाला हवा तसा. पण तेव्हा कात्रीचं काम प्रकाश, धूळ आणि त्याचं स्वतःचं वजन करत होतं. फरक एवढाच की ते कुणाला दिसत नव्हतं. १९९८ मध्ये तो खाली उतरवला. १९१४ साली आधारासाठी त्याला मागून लिननचं कापड शिवलं होतं, सुमारे १७ लाख टाक्यांनी. ते टाके संवर्धकांनी कापून काढले. नूतनीकरणासाठी दोन वर्षं बंद राहिलेलं संग्रहालय नोव्हेंबर २००८ मध्ये उघडलं, तेव्हा झेंडा काचेमागे जेमतेम दहा अंशांच्या उतारावर निजवलेला होता, आणि खोलीत मिणमिणता उजेड.

हा उजेड कंजूषपणातून येत नाही. कापड, कागद, जलरंग यांच्यासाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. आपण कार्यालयात बसतो तिथे ३०० ते ५०० लक्स असतो. प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं. वस्तू भांडारात कितीही विश्रांती घेवो, उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तू काही महिने मांडतात आणि मग काढून ठेवतात. तुम्हाला ‘गायब’ वाटलेल्या वस्तूंपैकी काही बहुधा अशाच पाळीवर गेल्या असतील. आपल्या डोळ्यांना मात्र मंद प्रकाशाची सवय व्हायला काही मिनिटं पुरतात. तेवढं थांबायचं की नाही, हे आपल्या हातात असतं.

वस्तू कमी मांडल्या, याबद्दल. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडे, म्हणजे नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे, सुमारे दहा लाख वस्तू आहेत. नूतनीकरणानंतर २०१३ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा त्यातल्या आठ हजारांच्या आसपास मांडल्या होत्या. पण चित्रं, फर्निचर, जहाजांच्या प्रतिकृती, शस्त्रं, जी आधी आपापल्या विभागात सोवळ्यात बसलेली असत, ती शतकानुसार एकत्र आणली. माझ्या मते हा इतिहास सांगण्याचा जास्त प्रामाणिक मार्ग आहे. तुम्हाला खच्चून भरलेली कपाटं आवडत असतील, तर हा आवडीनिवडीचा प्रश्न झाला. तिथे वाद घालत नाही.

‘जुनं बरं होतं’ या वाक्यावर मात्र अडतो. कोणतं जुनं? राइक्सम्युझियमच्याच इमारतीत वास्तुकार कॉयपर्सने १८८५ साली भिंती चित्रांनी आणि नक्षीने भरून टाकल्या होत्या. विसाव्या शतकात त्यांवर पांढरा रंग फासला आणि आतल्या चौकांत खोल्या कोंबल्या. म्हणजे नूतनीकरणाआधी तिथे गेलेल्यांच्या आठवणीतलं ‘जुनं’ ही आधीच्या कुणीतरी केलेली डागडुजीच होती. या वेळी त्या खोल्या काढून चौक मोकळे केले, कॉयपर्सची सजावट पुन्हा उजेडात आणली.

पैसा आणि वेळ हा तुमचा मुद्दा मला बोचला, आणि बोचायलाच हवा होता. राइक्सम्युझियमला लागले ३७.५ कोटी युरो आणि दहा वर्षं. दार बंद झालं तेव्हा सात वर्षांचं असलेलं मूल उघडताना सतरा वर्षांचं झालं होतं. मधल्या काळात एका भागात निवडक चारेकशे कलाकृती मांडून ठेवल्या होत्या, पण ती शितावरून भाताची परीक्षा. उशिराला एक कारण इमारतीखालून जाणारा सायकलींचा रस्ता हेही होतं. प्रवेशद्वार तिथे आणायचा बेत सायकलस्वारांनी हाणून पाडला आणि आराखडा बदलावा लागला. (मी मनातून सायकलवाल्यांच्या बाजूचा.) बंद दाराची किंमत मी लेखात एका ओळीतही मांडली नाही. ती चूक माझी.

तरीही दुरुस्तीला रंगरंगोटी म्हणू नका. रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय २०१८ मध्ये आपलं दोनशेवं वर्ष साजरं करत होतं. त्याच वर्षी २ सप्टेंबरच्या रात्री ते जळालं. संग्रहात सुमारे दोन कोटी वस्तू, त्यातल्या बहुतेक गेल्या. आग सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रापासून लागली, असं तपासात निघालं, आणि अग्निशमन दल पोचलं तेव्हा जवळच्या नळखांबांना पुरेसं पाणी नव्हतं. वायरिंग, पाण्याच्या वाहिन्या, छप्पर यांवर झालेला खर्च उद्घाटनाच्या फोटोत कधीच येत नाही. मला आनंद होतो तो त्याचा.

तुमच्या तक्रारींतले राहता राहिले टचस्क्रीन आणि बसायला नसलेली बाकं. दोन्हीबाबत तुमचं शंभर टक्के बरोबर. तीन वर्षांत बंद पडणारी स्क्रीन तीनशे वर्षांच्या वस्तूशेजारी कशाला लावतात, हे मलाही कळत नाही, आणि गुडघे धरून इतिहास बघता येत नाही. बंद काळाबद्दलचा आणि बाकांचा, असे दोन परिच्छेद आज रात्री मूळ लेखात घालतोय. झेंड्यावरचा परिच्छेद मात्र आहे तसाच राहील.