कोथरूड ते नागपूर सामान स्थलांतराबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या अखेरीस आपल्या कोथरूड येथील घरातील सामान नागपूरला पोहोचवण्याचे काम आमच्याकडे होते. त्याविषयी आपण एक तारा देऊन लिहिलेला सविस्तर अभिप्राय मी आणि त्या दिवशी कामावर असलेले सुपरवायझर यांनी एकत्र बसून वाचला. ‘सगळे आम्ही बांधतो’ असे सांगूनही माणसे सकाळी बराच वेळ थांबून राहिली, आयत्या वेळी जादा रक्कम मागितली, भरलेला गॅस सिलिंडर नेण्यास नकार दिला, सामान एक दिवस उशिरा पोहोचले, नागपूरला वॉशिंग मशीन सुरू करताच ते हादरू लागले आणि लोणच्याचे तेल साड्यांच्या पेटीत उतरले, अशा आपल्या तक्रारी आहेत. हा अभिप्राय पुढे बदली किंवा घरबदल करणारी अनेक कुटुंबे वाचतील, म्हणून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर येथेच देत आहे.

सामान बांधणे, उतरवणे, गाडीत रचणे आणि नव्या घरी पोहोचवणे हे आमचे काम आहे आणि त्यात आम्ही ग्राहकाला हातही लावू देत नाही. मात्र कोणती वस्तू न्यायची, कोणती नातेवाइकांना द्यायची आणि कोणती भंगारात काढायची, हे फक्त घरातले माणूसच सांगू शकते. आमचे कामगार आले तेव्हा दोन्ही माळ्यांवरचे सामान खाली उतरवलेले नव्हते आणि त्यातले काय न्यायचे यावर घरात चर्चा सुरू होती. ती चर्चा संपेपर्यंत थांबण्याची सूचना मीच सर्व सुपरवायझरना देऊन ठेवलेली आहे. अनोळखी माणसाने दुसऱ्याच्या घरातली जुनी पितळी भांडी किंवा वडिलांच्या वह्या ‘हे न्यायचे असेलच’ असे गृहीत धरून पेटीत टाकणे, किंवा ‘हे नको असेल’ म्हणून कोपऱ्यात ढकलणे, मला कधीही मान्य होणार नाही.

जादा रकमेचा मुद्दाही याच माळ्यांशी जोडलेला आहे. कामाच्या आधी आमच्या प्रतिनिधीने व्हिडिओ कॉलवर घर पाहिले, त्यावरून वस्तूंची यादी केली आणि ती आपल्याला पाठवली. आपण तिला होकार कळवल्यावरच दर ठरला. घरसामानाचा दर ठरतो तो मुख्यतः सामान किती घनफूट जागा व्यापेल आणि त्यासाठी किती फुटी गाडी लागेल यावर. यादीप्रमाणे १४ फुटी गाडी पुरेशी होती. यादीत नसलेली दोन्ही माळ्यांवरची भांडी, गाद्या, सुटकेस, सायकल आणि बाल्कनीतले लोखंडी कपाट धरल्यावर १७ फुटी गाडी मागवावी लागली. दरातला फरक त्या गाडीचा आणि वाढलेल्या पेट्यांचा आहे, आणि तो सामान हलवण्यापूर्वी लेखी सांगून आपली संमती घेतलेली आहे. सर्वेक्षणाच्या वेळी माळा, बाल्कनी, पलंगाखालचे कप्पे आणि पार्किंगमधले सामान दाखवावे असे आम्ही आधी पाठवलेल्या सूचनापत्रात ठळक अक्षरांत लिहितो, ते याचसाठी. बैठकीची खोली कोणीही विसरत नाही. अंदाज चुकतो तो नेहमी माळ्यावर.

सिलिंडरबाबत आमची भूमिका बदलणार नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर लाकूड, कापूस आणि पुठ्ठ्याने भरलेल्या बंद गाडीत, मे महिन्याच्या उन्हात, शेकडो किलोमीटर नेणे म्हणजे चालकाचा आणि रस्त्यावरच्या इतरांचा जीव धोक्यात घालणे आहे. शिवाय त्याची गरजही नसते. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर आपल्या वितरकाकडे जमा केले की अनामत रक्कम परत मिळते आणि हस्तांतराचे व्हाउचर मिळते. ते दाखवून नव्या गावी जोडणी घेता येते. हे काम निघण्याच्या आदल्या आठवड्यात उरकावे आणि शेवटचे दोन दिवस इंडक्शन शेगडीवर किंवा बाहेरच्या डब्यावर काढावेत, असा आमचा आग्रह असतो. रॉकेल, थिनर, रंगाचे डबे आणि फवाऱ्याचे डबेही आम्ही याच कारणाने घेत नाही.

आता वॉशिंग मशीनविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण आपली सर्वांत मोठी नाराजी त्याबद्दल आहे आणि ती मला समजते. समोरून दार उघडणाऱ्या मशीनचा ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि खालून डॅम्परवर तोललेला असतो. कपडे पिळताना बसणारे हादरे त्याने झेलावेत अशी ती रचना असते. रस्त्यावरचे तासन्‌तासांचे धक्के झेलण्यासाठी ती नसते. म्हणून कारखान्यातून येताना मशीनच्या पाठीमागे ड्रम जखडून ठेवणारे ट्रान्झिट बोल्ट लावलेले असतात. घरी मशीन बसवताना तंत्रज्ञ ते काढतो आणि जपून ठेवण्यास सांगतो. स्थलांतराच्या वेळी तेच बोल्ट परत लावावे लागतात आणि ते प्रत्येक मॉडेलचे वेगळे असल्यामुळे दुसऱ्या मशीनचे चालत नाहीत. आपल्याकडे ते सापडले नाहीत. त्यावर सुपरवायझरने दोन पर्याय सुचवले होते: सेवा केंद्रातून बोल्ट मागवून मशीन नंतरच्या गाडीने पाठवणे, किंवा ड्रमभोवती फोम भरून आहे तसे नेणे, ज्यात धोका राहतो. आपण दुसरा पर्याय निवडल्याची नोंद आपल्या सहीनिशी माल पावतीवर आहे. हे मी आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. बहुतेक घरांत हे बोल्ट पहिल्याच वर्षी हरवतात, आणि त्यांचे काम काय असते हे घर हलवण्याची वेळ येईपर्यंत कोणी सांगतही नाही.

इतर उपकरणांनाही अशीच पूर्वतयारी लागते. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद करावा लागतो, म्हणजे बर्फ वितळून आतले पाणी पुसून काढता येते. नव्या घरी उभा ठेवून काही तास थांबल्यावरच तो सुरू करावा, कारण वाहतुकीत हललेले कॉम्प्रेसरमधले तेल परत जागेवर बसायला वेळ लागतो. स्प्लिट एसीचा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन मग पाइप सोडवावे लागतात. हे प्रशिक्षित मेकॅनिकचे काम आहे, सामान बांधणाऱ्याचे नाही. आपण एसी आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र आदल्या दिवशी उतरवून ठेवले होते, त्यामुळे त्या दोन्ही वस्तूंची बांधणी विनाअडथळा झाली, आणि आपल्या अभिप्रायात त्यांच्याबद्दल एकही तक्रार नाही.

लोणच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण मे महिना हा घरोघरी कैरीच्या लोणच्याचा आणि वाळवणांचा असतो, आणि त्या बरणीमागे किती मेहनत असते हे मी जाणतो. परंतु ती बरणी आमच्या माणसांनी बांधलेली नव्हती. साड्यांची पेटी आपल्या घरी आदल्या रात्रीच बांधून चिकटपट्टी लावून ठेवलेली होती, आणि मालकाने स्वतः बांधलेली पेटी आम्ही उघडत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो; बंद गाडीच्या आतले तापमान त्याहून बरेच अधिक असते. अशा उष्णतेत तेल पातळ होते, झाकणाखालचे प्लास्टिक सैल पडते, मेणबत्त्या वाकतात आणि पेट्यांची चिकटपट्टीसुद्धा सुटते. म्हणून लोणची, तुपाचे डबे, मध आणि नियमित औषधे गाडीत न ठेवता सोबत न्यावीत असे आम्ही सांगतो. पापड, कुरडया आणि सांडगे मात्र डब्यात घट्ट बंद करून खुशाल द्यावेत. त्यांना उन्हाचे भय नाही. तुळशीचे वृंदावन आम्ही नेतो, तुळस नेत नाही. देवघरातल्या मूर्ती आणि टाक घरच्यांनीच उचलावेत अशी आमची पद्धत आहे, आणि ती आपणही पाळलीत.

उशिराबद्दल. सोसायटीने लिफ्ट सामानासाठी संध्याकाळी ६ वाजेपर्यंतच वापरण्याची परवानगी दिली होती. सकाळचा वेळ माळ्यांत गेल्यामुळे शेवटची खोली कामगारांनी जिन्याने उतरवली आणि गाडी दुपारऐवजी रात्री निघाली. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर जवळ आले हे खरे आहे, पण पुण्याहून निघालेली गाडी साधारणपणे अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठून त्या महामार्गाला लागते, आणि तेथेही मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. कामगार कायद्यानुसार चालकाचे काम दिवसाला ८ तासांचे आहे. दिवसभर गाडी भरण्यासाठी थांबलेल्या चालकाला रात्रभर गाडी दामटायला सांगणे मी कधीच करणार नाही, आणि कोणत्याही ग्राहकाने तशी अपेक्षा ठेवू नये अशी माझी विनंती आहे.

वाटेत ई-वे बिल (माल नेताना लागणारे जीएसटीचे ऑनलाइन कागदपत्र) नसल्याने गाडी अडवली असेल, अशी शंकाही आपण लिहिली आहे. तसे घडलेले नाही. वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. खोक्यातून न काढलेला नवा टीव्ही किंवा मिक्सर असेल तर त्याचे बिल सोबत ठेवावे, एवढेच.

आपण विचारले आहे की, मग ग्राहकाने नेमके काय करून ठेवायचे. माझे उत्तर असे की कामगार येण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत माळे मोकळे असावेत, न्यायचे आणि न न्यायचे सामान वेगवेगळ्या खोल्यांत असावे, दागिने, रोख रक्कम, घराची कागदपत्रे आणि मुलांचे शाळेचे दाखले घरच्यांच्या स्वतःच्या बॅगेत असावेत, आणि सोसायटीच्या सचिवांकडून लिफ्टची व गाडी उभी करण्याची परवानगी लेखी घेतलेली असावी. भांडी, काच, पुस्तके, कपडे यांना हात लावण्याची गरज नाही. उलट, ताटे आणि काचेच्या बशा घरच्यांनी आडव्या रचून बांधल्या की त्या हमखास फुटतात; आम्ही त्या उभ्या रचतो, आणि पुस्तके छोट्या पेट्यांतच भरतो, कारण मोठी पेटी पुस्तकांनी भरली की तिचा तळ सुटतो. याखेरीज कुकर, चहाचे सामान, दोन चादरी, मोबाइलचे चार्जर आणि एक पाना-पकड अशी पेटी वेगळी करून त्यावर ‘आधी उघडणे’ असे लिहून द्यावे. ती आम्ही सर्वांत शेवटी चढवतो, म्हणजे ती सर्वांत आधी उतरते.

वॉशिंग मशीनबाबत पुढील व्यवस्था केली आहे. नागपूरमधील आमच्या सहकारी तंत्रज्ञाला आपल्याशी वेळ ठरवून मशीन तपासण्यास सांगितले आहे. तपासणीचे शुल्क आम्ही देऊ. ड्रमचे डॅम्पर किंवा स्प्रिंग बदलावे लागले तर सुट्या भागांचा खर्च आपल्याला करावा लागेल, कारण मशीन बोल्टशिवाय पाठवण्याचा धोका आपण स्वीकारला होता. तंत्रज्ञाचा लेखी अहवाल आपल्याला आणि आम्हाला एकाच वेळी मिळेल. त्या अहवालात नुकसान धक्क्यांऐवजी आमच्या बांधणीमुळे किंवा उतरवताना झाल्याचे आढळले, तर संपूर्ण दुरुस्ती आमच्या खर्चाने होईल.

आपण घेतलेल्या वाहतूक विम्याचा दावा आमच्या माणसांनी बांधलेल्या वस्तूंसाठी करता येतो. स्वतः बांधलेल्या पेट्या त्यात येत नाहीत. अन्य कोणत्याही वस्तूबाबत आपली तक्रार असेल, तर रस्त्याने मालवाहतूक कायदा, २००७ प्रमाणे नोंदणीच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी सूचना देण्याचा आपला अधिकार अबाधित आहे. त्यासाठी माल पावतीचा क्रमांक, वस्तूचे छायाचित्र आणि यादीतील अनुक्रमांक एवढे कळवले तरी पुरे. ईमेलचा पत्ता पावतीच्या मागील बाजूस छापलेला आहे.

आपला विश्वासू,
संचालक