रेडिओ मॉडेम भंगारात काढायची घाई कशाला?

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. पाण्याच्या टाक्या, पाइपलाइन, वीज उपकेंद्रं, नदीची पातळी अशा लांबच्या ठिकाणांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणांवर मी काम करतो. तिथली माहिती रेडिओ लहरींवरून कंट्रोल रूमला पाठवणारी पेटी म्हणजे रेडिओ मॉडेम, म्हणजेच औद्योगिक रेडिओ. त्यामुळे तो मेसेज मला बऱ्याच जणांनी पाठवला. मेसेजचा सारांश असा: "औद्योगिक रेडिओचा जमाना संपला. ते स्लो आहेत, पावसात बंद पडतात, कुणीही हॅक करतं, आणि एकदा घेतले की आपण त्याच कंपनीच्या दावणीला बांधले जातो. मोबाइल नेटवर्क आणि सॅटेलाइट आता सगळीकडे पोचलंय. तेव्हा रेडिओच्या नव्या मॉडेलसाठी सुधारणांच्या याद्या करत बसणं म्हणजे पैशाचा चुराडा."

यातले दोन आरोप मला मान्य आहेत आणि त्यांच्याकडे मी येतोच. पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे. तो ऐकून कुणी चालू यंत्रणा उपटून टाकली, तर एखाद्या रात्री टाकी ओसंडून वाहील आणि कंट्रोल रूममध्ये कुणाला पत्ताही लागणार नाही.

पहिला आरोप वेगाचा. 9600 बिट प्रति सेकंद हा आकडा ऐकून लोक हसतात. आधी साधा हिशोब करू. कंट्रोल रूममधलं मास्टर स्टेशन एका आरटीयूला, म्हणजे टाकीजवळ बसून मोजमापं घेणाऱ्या उपकरणाला, विचारतं: टाकीची पातळी किती, पंप चालू की बंद? समजा प्रश्न 20 बाइटचा आणि उत्तर 40 बाइटचं. एका बाइटचे 8 बिट, म्हणजे एकूण 480 बिट. 9600च्या वेगाने त्याला लागतात 50 मिलिसेकंद. मग वेळ जातो कुठे? तो जातो ट्रान्समीटर चालू होऊन स्थिरावण्यात आणि समोरच्या रिसीव्हरने सिग्नल पकडण्यात. जुन्या रेडिओत त्यासाठी दर खेपेला 100 मिलिसेकंद धरा. विचारताना एकदा, उत्तर देताना एकदा. म्हणजे एका स्टेशनला पाव सेकंद आणि 60 स्टेशनांच्या फेरीला 15 सेकंद. आता वेग दहापट केला तरी ही फेरी 12 सेकंदांच्या खाली येत नाही. पण वेग तोच ठेवून त्या 100 मिलिसेकंदांचे 10 केले, तर फेरी 4 सेकंदांच्या आसपास उरकते. म्हणून वेगाच्या बाबतीत सुधारणांच्या यादीत मी आधी हे बघतो, की रेडिओ किती पटकन बोलायला लागतो आणि किती पटकन गप्प होऊन ऐकायला लागतो. वेगाचा मोठा आकडा माहितीपत्रकात शोभून दिसतो, एवढंच.

दुसरं म्हणजे, हा वेग कुणाच्या अडाणीपणामुळे कमी राहिलेला नाही. चॅनेल जितका रुंद, तितका जास्त गोंगाट रिसीव्हरमध्ये शिरतो. साध्या तापमानाला उष्णतेमुळे होणारा गोंगाट दर हर्ट्झला उणे 174 डीबीएम असतो (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं एकक; उणे आकडा जितका मोठा, तितकी ताकद कमी). 12.5 किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये तो उणे 133 होतो आणि 20 मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये उणे 101. फरक 32 डेसिबलचा, म्हणजे 1600 पट. अरुंद चॅनेलमधला रेडिओ दोन डोंगर ओलांडून येणारा अगदी क्षीण सिग्नल ऐकू शकतो, तो याच जोरावर. खुद्द मोबाइलवाल्यांना हे पटलेलं आहे. सेन्सरसाठी त्यांनी 2016मध्ये एनबी-आयओटी हे मानक आणलं, तेव्हा चॅनेल 180 किलोहर्ट्झपर्यंत अरुंद केला आणि वेग कमी ठेवला. ज्या वाटेला मेसेजवाले मागास म्हणतात, त्याच वाटेने मोबाइल उद्योग आला. नव्या रेडिओंनी इथे करायचं ते इतकंच, की जवळच्या स्टेशनशी जलद बोलावं, लांबच्याशी हळू बोलावं आणि हे ज्याचं त्याने आपोआप ठरवावं. एका लांबच्या स्टेशनसाठी सगळ्या जाळ्याने रांगत चालायची गरज नाही.

आता पाऊस. हा आरोप वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण यात दोष भलत्याच्याच माथी मारलाय. पावसाच्या थेंबांचा मोठा अडथळा होतो तो साधारण 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना. टेलिमेट्रीचे, म्हणजे लांबून मोजमापं पाठवणारे, बहुतेक रेडिओ 150, 450, 900 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्यांना हवेतला पाऊस जाणवतही नाही. पावसाचा फटका बसतो तो केयू आणि केए या 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या बँडवर चालणाऱ्या सॅटेलाइटला, म्हणजे मेसेजवाले ज्याची शिफारस करतायत त्यालाच.

रेडिओला पाऊस गाठतो तो कनेक्टरमध्ये. एक स्टेशन रोज पहाटे गप्प व्हायचं आणि ऊन चढलं की आपोआप बोलायला लागायचं. पहिल्या खेपेला आम्ही बॅटरी बदलली, कारण पहाटे बॅटरी सगळ्यात कमी भरलेली असते. दुसऱ्या खेपेला रेडिओच बदलला. तिसऱ्या खेपेला मी खांबावर चढून अँटेनाजवळचा कनेक्टर उघडला. मधली पिन हिरवी पडली होती आणि केबलच्या जाळीतून पाण्याचा एक थेंब माझ्या बोटावर आला. सीलिंग टेप कुणी गुंडाळलीच नव्हती. रात्रीचं दव आत शिरायचं, पाठवलेली पॉवर अँटेनात न जाता उलटी फिरायची, आणि ऊन पडलं की थोडं सुकून सगळं सुरळीत. तिन्ही खेपांना रेडिओ आम्हाला फक्त एक हिरवा दिवा दाखवत होता.

त्या रेडिओने उलट फिरणारी पॉवर दर तासाला मोजून ठेवली असती, तर दोष केबलमध्ये किंवा अँटेनात आहे हे खुर्चीत बसूनच कळलं असतं. सोबत आतलं तापमान, पुरवठ्याचा व्होल्टेज आणि सिग्नलची ताकद हेही हवंच. देखभालीसाठी नव्या यादीतली एकच ओळ ठेवा असं मला कुणी सांगितलं, तर मी हीच ठेवेन.

मोबाइल नेटवर्क सगळीकडे आहे, हेही अर्धंमुर्धंच खरं. मोबाइलचे टॉवर जिथे माणसं राहतात तिथे उभे राहतात. पाणी, तेल आणि विजेच्या तारा माणसं बघून जात नाहीत. पण रेंज असली तरी आयुष्याचा प्रश्न उरतोच. अशा ठिकाणी बसवलेलं उपकरण पंधरा-वीस वर्षं चालावं, या हिशोबाने बसवलेलं असतं. अमेरिकेत एटीअँडटीने 2017च्या सुरुवातीला 2जी बंद केलं आणि 2022च्या फेब्रुवारीत 3जी. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राने 2024मध्ये 3जी बंद केलं. त्या नेटवर्कवर अवलंबून असलेलं प्रत्येक मॉडेम प्रत्यक्ष जागेवर जाऊन बदलावं लागतं, आणि तारीख ठरवणारे आपण नसतो. तशी नेटवर्कंही कोसळतात. 8 जुलै 2022ला कॅनडात रॉजर्सचं नेटवर्क देशभर बंद पडलं, 8 नोव्हेंबर 2023ला ऑस्ट्रेलियात ऑप्टसचं. अशा दिवशी आपली टाकी कंपनीच्या लाखो ग्राहकांपैकी एक असते. मोबाइल वापरूच नका, असं मी म्हणत नाही. जिथे चांगली रेंज आहे तिथे तो जरूर वापरा आणि रेडिओला पर्यायी मार्ग म्हणून जोडा. एकाच पेटीत दोन्ही असणं, ही सुधारणा मला मनापासून आवडते.

सॅटेलाइटबद्दल वीज हा एकच मुद्दा पुरे आहे. 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 480 वॅट-तास असतात. सॅटेलाइट इंटरनेटच्या थाळीला 50 वॅट धरले, तर ढगाळ हवेत ती बॅटरी दहा तासही टिकत नाही. नुसता ऐकत बसलेला रेडिओ 1.2 वॅट खातो असं धरलं, तर तीच बॅटरी 16 दिवस पुरते. नव्या मॉडेलमध्ये रेडिओ दोन निरोपांच्या मधे झोपू शकला तर हे दिवस आणखी वाढतील. थोडाच डेटा अधूनमधून पाठवणारी छोटी सॅटेलाइट उपकरणं कमी विजेवर चालतात. अगदी एकाकी जागेसाठी ती उत्तमच, पण दर काही सेकंदांच्या पोलिंगसाठी, म्हणजे स्टेशनांना आळीपाळीने विचारत राहण्यासाठी, ती नाहीत.

हॅकिंगचा आरोप मात्र मी पूर्ण मान्य करतो. 2000 साली ऑस्ट्रेलियातल्या मारूची शायर इथे एका माणसाने लॅपटॉप आणि रेडिओ वापरून मलनिस्सारणाच्या पंपांना खोटे आदेश दिले आणि लाखो लिटर मैला उघड्यावर, ओढ्यांत गेला. त्या पंपांचं काम केलेल्या कंत्राटदाराकडे तो आधी नोकरीला होता. 2017च्या एप्रिलमध्ये डॅलस शहरात मध्यरात्रीच्या सुमाराला आपत्तीचे 156 भोंगे कुणीतरी रेडिओ सिग्नलने वाजवले. आदेश कुणाकडून आला हे न तपासता पाळणारा रेडिओ आजही कुठे चालू असेल, तर ती गंभीर बाब आहे. पण मग सुधारणांची यादी रद्द करायची, की तिच्यात हे सगळ्यात वर लिहायचं? नुसतं एन्क्रिप्शन पुरत नाही, कारण कालचा खरा आदेश रेकॉर्ड करून आज पुन्हा वाजवता येतो. म्हणून प्रत्येक निरोपाला चढता क्रमांक हवा, प्रत्येक रेडिओची एन्क्रिप्शनची किल्ली वेगळी हवी, आणि ती खांबावर न चढता बदलता आली पाहिजे. दुसरीकडे जाऊन या धोक्यातून सुटका होते असंही नाही. 24 फेब्रुवारी 2022ला केए-सॅट सॅटेलाइट नेटवर्कवर सायबर हल्ला झाला, तेव्हा एनरकॉन या जर्मन कंपनीच्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा दूरस्थ संपर्क तुटला. पवनचक्क्या फिरत होत्या, पण त्यांच्याशी बोलता येत नव्हतं.

राहिला दावणीचा आरोप. तोही खरा आहे. आरटीयू आणि मास्टर स्टेशन ज्या सामायिक भाषांत बोलतात, त्यांतली मॉडबस 1979पासून आणि डीएनपी3 1993पासून चालत आलीय, त्यामुळे आरटीयू कुठल्याही कंपनीचा असला तरी निभावतं. पण हवेतली भाषा बहुतेक कंपन्या स्वतःची ठेवतात. अ कंपनीचा रेडिओ ब कंपनीच्या रेडिओशी बोलत नाही. कित्येकदा त्याच कंपनीचं नवं मॉडेल स्वतःच्याच जुन्या मॉडेलशी बोलत नाही. 60 स्टेशनं एका दिवसात बदलता येत नाहीत. दोन-तीन वर्षं नवे आणि जुने एकाच चॅनेलवर नांदायला लागतात. नव्या मास्टरने जुन्या रेडिओंशी त्यांच्या पद्धतीने आणि नव्यांशी नव्या पद्धतीने बोलायला हवं, आणि शेवटचं जुनं स्टेशन उतरलं की जुनी पद्धत कायमची बंद करता यायला हवी, नाहीतर वर सांगितलेलं सुरक्षेचं भगदाड उघडंच राहील. कुठल्याही कंपनीची सुधारणांची यादी हातात आली, की मी आधी ही ओळ शोधतो. ती नसेल तर त्यांना विचारतो: माझ्या 60 पैकी 59 स्टेशनं जुनी असताना पहिला नवा रेडिओ मी बसवू कसा?