नजर खिळली म्हणजे मन बसलं?

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एकच मजकूर तिसऱ्यांदा आला, तेव्हा उत्तर लिहायला घेतलं. त्याचं सार असं: तोंड खोटं बोलतं, डोळे बोलत नाहीत. नजर ज्या वस्तूवर जास्त वेळ थांबते, तीच माणूस घेतो. डोळ्यातली बाहुली मोठी झाली की सौदा पक्का. आणि कंपन्या आता मोबाइलच्या कॅमेऱ्यातून हे टिपून हवं ते आपल्या गळ्यात मारतात. खाली पुरावा म्हणून ‘आय ट्रॅकिंग’ हा शब्द, म्हणजे नजर कुठे आणि किती वेळ थांबते ते यंत्राने मोजणं. ते तंत्र खरंच आहे, पण त्याच्या नावावर खपवलेला हा अर्थ फारच कच्चा आहे.

‘जिथे नजर, तिथे आवड.’ याला थोडा आधार आहे, तो आधी मान्य करतो. २००३ साली शिन्सुके शिमोजो आणि सहकाऱ्यांनी लोकांना चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून जास्त आकर्षक कोणता ते विचारलं. उत्तराचं बटण दाबण्याआधीच्या सेकंदाभरात नजर निवडल्या जाणाऱ्या चेहऱ्याकडे झुकत जाते, असं दिसलं. २०१० साली अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठात क्राइबिच, आर्मेल आणि रँगेल यांनी ३९ विद्यार्थ्यांपुढे खाऊच्या दोन-दोन वस्तू ठेवून नजर मोजली. त्यांचं गणित असं की, ज्या वस्तूकडे आत्ता बघतोय तिची किंमत मनात पूर्ण धरली जाते आणि नजरेबाहेरच्या वस्तूची साधारण ०.३ पट. पण कोणती वस्तू किती आवडते, हे त्या विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. नजर तराजूचा काटा थोडा हलवते. वजन त्या आवडीचंच असतं. मुळात नावडती वस्तू असेल तर? आर्मेल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तेही करून पाहिलं. नावडती वस्तू जास्त वेळ दाखवली की ती निवडली जाण्याची शक्यता उलट कमी झाली.

हे कळायला आमच्या आत्याला प्रयोगशाळा लागली नाही. बस्त्याच्या वेळी ती एका जांभळ्या साडीकडे इतका वेळ बघत होती की दुकानदाराने घडी मोडून साडी पुढ्यात पसरली. “तुमच्या डोळ्यांत भरलीय ताई, घेऊन टाका.” आत्या म्हणाली, “काठापाशी धागा ओढला गेलाय, तो बघतेय.” आणि जिच्यावर जेमतेम नजर टाकली होती ती मोरपंखी उचलली.

नजर कशासाठी फिरतेय हे ठाऊक नसेल तर तिच्या नकाशाला अर्थ नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी १९६०च्या दशकात हे दाखवून ठेवलंय. इल्या रेपिन यांचं एक चित्र आहे: हद्दपार झालेला माणूस अचानक घरात पाऊल टाकतो. ते एकाच व्यक्तीला दाखवून यार्बुस प्रश्न बदलत गेले. माणसांची वयं विचारली तर नजर चेहऱ्यांवर घुटमळली. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती विचारली तर कपड्यांकडे आणि सामानाकडे गेली. चित्र तेच, डोळे तेच.

‘पाहिलं म्हणजे मनात नोंद झाली.’ हा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. २०१३ साली ड्रू, व्हो आणि वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये गाठीच्या साधारण ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घातलेलं होतं. २० जणांना ते दिसलंच नाही, आणि त्यांपैकी १२ जणांची नजर थेट त्या गोरिलावर पडली होती! नजर मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ट्रॅकरच्या हिशेबी त्यांनी गोरिला ‘पाहिला’ होता.

‘नजर वळवून हवं ते निवडायला लावतात.’ २०१५ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या गटाने नैतिक प्रश्नांची दोन उत्तरं पडद्यावर ठेवली. त्यांतल्या आधीच ठरवून ठेवलेल्या एका उत्तराकडे पुरेसं बघून झालं की संगणक तत्क्षणी निर्णय मागायचा. ते उत्तर ५८ टक्के वेळा निवडलं गेलं. छापा-काटा केला तरी ५० टक्के येतातच. पुढे २०१८ साली न्यूवेल आणि ले पेली यांनी तसाच प्रयोग केला. साध्या दृश्य तुलनेत परिणाम मिळाला, नैतिक प्रश्नांत मिळाला नाही. ‘गळ्यात मारणं’ म्हणतात ते हे नव्हे.

बाहुलीबद्दल फार लिहीत नाही. ती उजेड कमी झाला की मोठी होते, मनातल्या मनात आकडे लक्षात ठेवतानाही होते. कानेमान आणि बीटी यांनी १९६६ सालीच हे मोजलंय. दुकानातला दिवा मंद केला तर सगळ्यांचेच सौदे पक्के समजायचे का?

राहिला मोबाइलचा कॅमेरा. नजरेची चूक कोनाच्या अंशांत मोजतात: हात लांब करून अंगठा धरला तर त्याची रुंदी डोळ्यापासून साधारण २ अंशांचा कोन भरते. प्रयोगशाळेतला चांगला ट्रॅकर नजर अर्ध्या अंशाच्या आसपास पकडतो, तोही हनुवटी टेकवून आणि आधी ठिपक्यांकडे बघून जुळणी करून घेतल्यावर. साध्या वेबकॅमवरच्या चाचण्यांत सुमारे ४ अंशांची चूक आलीय. फोन हातभर अंतराच्याही आत असतो. ३० सेंटिमीटरवर ४ अंश म्हणजे २ सेंटिमीटर. तुम्ही किंमत वाचत होतात की तिच्याखालची ‘परत करता येणार नाही’ ही ओळ, एवढंही त्यातून सांगता येत नाही.