पिशवीतलं वांगं, भुंगा आणि बांधावरची रुई

नमस्कार. वांग्याच्या फुलांवर येणाऱ्या भुंग्यांच्या याद्या ठेवा आणि बांधावरची रुई राखा, असं आम्ही लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमची शिरोळहून आलेली प्रतिक्रिया रोखठोक आहे : "पिशवी बांधलेल्या फुलालाही वांगं धरलं. शिवाय प्लॉटवर सातेरीची (देशी मधमाशीची) पेटी आहेच. मग भुंग्यांच्या याद्या कशाला, आणि बांधावरची रुई का राखायची?"

पिशवीत, म्हणजे कीटक पोचू न देताही, वांगं धरतं, हे खरंच. वांग्याचं फूल स्वतःच्या परागावर फळू शकतं. वाऱ्याने फांदी हलली तरी थोडे पराग कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर, पडतात. लेखात हे स्पष्ट यायला हवं होतं. पण एका पिशवीवरून काही ठरत नाही. शंभरातली किती फुलं धरली आणि फळात बी किती भरलं, हे बघायचं असतं.

त्यातही फूल निवडताना बहुतेकांची गफलत होते. वांग्याला लांब आणि आखूड कुक्षीवृंताची (कुक्षी ज्या दांड्यावर असते त्याची) अशी दोन्ही फुलं येतात. आखूडवाली सहसा गळतातच, भुंगा येवो न येवो. झुपक्यात बुडाशी असलेलं फूल बहुधा लांब वृंताचं असतं, तेच घ्या. फुगलेली कळी आदल्या संध्याकाळी मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत बंद करा. एकाच झाडावर तीन रंगांचे दोरे : उघडं फूल, बंद फूल, आणि बंद ठेवून हाताने हलवलेलं फूल. प्रत्येकी तीसेक तरी हवीत. पिशवी कुक्षीला टेकू देऊ नका. टेकली तर घासून तीच पराग लावते. पाकळ्या सुकल्या की पिशवी काढा. आपल्याकडच्या जुलैच्या झडीत हा प्रयोग नकोच, ओलं कापड फुलाला चिकटतं आणि कळी कुजते.

आता पेटीचं. वांग्याचा परागकोश उभा फाटत नाही, त्याच्या टोकाला बारीक छिद्र असतं, मिठाच्या डबीसारखं. नादकाटा वाजवून कोशाला टेकवा, पिवळी भुकटी भुर्रकन उडते. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी कोशाला मिठी मारून उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि हेच काम करतात. त्या वेळी आवाजही बदलतो, जवळ उभं राहिलं की कळतं. सातेरीला ही थरथर जमत नाही. ती पाकळीवर सांडलेले पराग वेचते. म्हणून यादीत 'फुलावर बसला' आणि 'कोश हलवला' असे दोन रकाने ठेवले आहेत. पहिल्याच रकान्यावर भिस्त ठेवली असती, तर तुमची टीका शंभर टक्के बरोबर ठरली असती.

राहिली रुई. वांग्याच्या फुलात मध नसतो, नुसते पराग. भुंग्याला उडायला लागणारी साखर दुसरीकडून आणावी लागते, आणि रुईच्या फुलात ती मिळते. (रुईचं परागीभवनही मुख्यतः भुंग्यांवरच चालतं.) बांध जाळला की हे खाणं जातं, आणि ज्या वाळक्या लाकडात भुंगा घर कोरतो तेही. मात्र बांधावरची रानवांगी खुशाल उपटा. फळ पोखरणारी अळी तिच्यावरही जगते, तिथे तुमचं म्हणणं मान्य.

रुई नकोच असेल तर ताग आहे. पण हिरवळीच्या खतासाठी आपण तो फुलावर येतानाच गाडतो, म्हणजे भुंग्याच्या पुढ्यातलं ताट ऐन वाढायच्या वेळी उचलतो. कडेची एक ओळ तेवढी उभी ठेवा.