सेट्रिझिनच्या भरवशावर बसू नका
एका लेखात ‘ॲलर्जीसाठी सेट्रिझिन घरात ठेवा’ असं आहे. अंगावर पित्त उठलं तर ठीक, पण घसा आवळला, दम लागला की ती गोळी काय कामाची? मागच्या उन्हाळ्यात काटोलकडे संत्र्याच्या बागेत आमच्या काकाजींना मधमाश्या चावल्या. 10 मिनिटांत ओठ सुजले, डोळ्यांपुढे अंधारी. अन् घरचे कांदा चोळत बसले, बाप्पा! गावातल्या डॉक्टरांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रेनालिन दिलं, म्हणजे अशा जीवघेण्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन, अर्धा मिली. फरक दिसेना म्हणून 5 मिनिटांनी पुन्हा. मग नागपूरला रात्रभर दवाखान्यात ठेवलं, कारण त्रास काही तासांनी पुन्हा उठू शकतो. आणि हो, अशा माणसाला चालवायचं नसतं, आडवं ठेवायचं. आम्ही काकाजींना गाडीपर्यंत चालवत नेलं होतं. डॉक्टर जाम भडकले.