हरित अंधार

परवा ऑफिसच्या स्वच्छतागृहात, बसल्या जागी, लाइट गेली. लोडशेडिंग नव्हे, लोअर परळच्या काचेच्या टॉवरमध्ये असली गावठी कारणं नसतात. आमची इमारत 'ग्रीन' आहे. लॉबीत तशी पाटी आहे, पाटीशेजारी कुंडी आहे. आणि दिव्यांना सेन्सर आहेत. माणूस हलला की पेटणार, स्थिरावला की विझणार. आता त्या खोलीत माणूस स्थिरावायलाच जातो, पण असो. मोबाइल टेबलावर राहिला होता.

"कोणी आहे का?"

"आहे ना साहेब." बाहेरच्या दारातून सफाईवाले मामा. "लाइट गेली? सगळ्यांची जाते."

मी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नका वाजवू. त्याला कान नाहीत. अकाउंट्सचे एक साहेब चुटक्या वाजवायचे."

"मग?"

"राजीनामा दिला त्यांनी."

मी दोन्ही हात वर करून हलवले.

"हात हलवताय ना? नाही दिसणार. मध्ये दार येतं. त्याला अंगातली ऊब लागते, तीही हलती. पाय काढा दाराखालून. बूट नको, बुटातून ऊब येत नाही. मोजाही काढा."

"मामा, तुम्हीच एक पाऊल आत टाका ना! तुमच्या अंगात ऊब आहे की नाही?"

"आहे हो. पण आत्ताच फरशी पुसलीय, ठसे उमटतात. सुपरवायझर फोटो काढून ग्रुपवर टाकतो."

"अहो, इथे माणूस अंधारात बसलाय!"

"फोटोत माणूस येत नाही साहेब. फरशी येते."

शेवटी काढला पाय. अनवाणी, दाराखालून, घोट्यापर्यंत. भक्कन उजेड पडला.

"पेटली?" मामा खूश. "आता हलवत राहा."

वीज वाचवायला माझी ना नाही. पण छताला सेन्सर ठोकणाऱ्याला खाली दारं आहेत हे दिसलं नसेल? आणि वाचवायची ती नेमकी माझ्याच डोक्यावरची? बाहेर येऊन बघा. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. दुपारी तीनला ऊन थेट कीबोर्डवर, म्हणून पडदे खाली. पडदे खाली म्हणून भरदुपारी दिवे. काचेतून आलेलं ऊन काढायला एसी, आणि एसीमुळे आमच्या निम्म्या बायका मे महिन्यात शाल पांघरून. २०२० पासून बाजारातले रूम एसी २४ अंशांवर लावूनच येतात म्हणे. आमचा सेंट्रल, तो कुणाचं ऐकत नाही.

माझी आजी इथून जवळच, लालबागच्या चाळीत राहायची. गॅलरी ऊन अडवायची, दार-खिडकी समोरासमोर, वारा आरपार. चाळीचं फार कौतुक करू नये. टमरेल घेऊन पहाटे रांगेत उभा राहिलेला माणूस ते करत नाही. पण तिथला संडास गलिच्छ असला तरी वर झरोका होता. दिवसा उजेड फुकट. इथे एकविसाव्या मजल्यावर आभाळ हाकेवर, आणि स्वच्छतागृहाला साधी खिडकी नाही.

अ‍ॅडमिनला मेल केला, सेन्सरचा टायमर तरी वाढवा. उत्तर आलं, वाढवल्यास बचतीचा आकडा बिघडेल. मग पडदे, दिवे आणि एसीचं विचारलं.

ते म्हणे दुसऱ्या डिपार्टमेंटकडे आहे.